चिरनेरचा स्मृतिस्तंभ

ठाण्याच्या खाडीच्या पूर्व किनाऱ्यावर शिरवणे हे एक जुने गाव आहे. आज त्याच्या सभोवती नवी मुंबईच्या उंच इमारती, कारखाने आणि आगगाडीचे रूळ दिसतात. परंतु १९७० साली या भागात नवे शहर वसविण्याचे काम सुरू झाले, त्यापूर्वी येथे भाताची खाचरे होती आणि खाडीकाठी मिठागरे होती. गावकरी शेती व मासेमारी करून आपला निर्वाह करीत. शिरवण्याहून दक्षिणेकडे निघाले, म्हणजे नेरूळ आणि बेलापूर मागे पडतात. पुढे उलवे, जासई, दिघोडे ही गावे लागतात. बंदराकडे जाणाऱ्या मालमोटारींची वर्दळ हळूहळू मागे राहते, डोंगर जवळ येऊ लागतात आणि रस्ता चिरनेर या गावी पोहोचतो.

चिरनेर हे गाव रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात आहे. येथील महागणपतीचे देऊळ प्रसिद्ध आहे. गावाजवळ झाडाझुडपांनी वेढलेली एक टेकडी आहे. तिला अक्कादेवीची टेकडी असे म्हणतात. चिरनेरला एक स्मृतिस्तंभ उभा आहे. तो कोणा राजाचा नाही, सेनापतीचा नाही, किंवा मोठ्या विद्वानाचाही नाही. रानात राबणारे, शेत कसणारे आणि खाडीत जाळे टाकणारे आठ साधे लोक, हेच या स्तंभाचे मानकरी होत.

दर वर्षी २५ सप्टेंबर या दिवशी येथे पंचक्रोशीतील लोक जमतात. स्तंभाला पुष्पहार घालतात. नंतर पोलीस दलाचे जवान रांगेत उभे राहतात, बंदुका आकाशाकडे रोखून फैरी झाडतात आणि हुतात्म्यांना मानवंदना देतात. हा प्रसंग पाहताना एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. १९३० साली याच दिवशी, याच परिसरात पोलिसांच्या बंदुकांतून गोळ्या सुटल्या होत्या, आणि त्या गोळ्यांनीच या आठ जणांचे प्राण घेतले होते. ज्यांना एकदा सरकारने अपराधी मानले, त्यांनाच आज सरकार वंदन करते. असे का झाले, हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊन रानाची आणि त्या रानावर जगणाऱ्या माणसांची हकीकत पाहिली पाहिजे.

स्तंभाच्या आठ मानकऱ्यांत एक नाव आहे नाग्या महादू कातकरी यांचे. कातकरी ही सह्याद्रीच्या पायथ्याशी, विशेषतः रायगड व ठाणे या भागांत राहणारी आदिवासी जमात आहे. कात तयार करणारे ते कातकरी, अशी या नावाची उत्पत्ती सांगतात. विड्यात जो कात घालतात, तो खैराच्या झाडापासून मिळतो. खैराचा बुंधा तोडून त्याच्या आतील तांबूस गाभ्याचे बारीक तुकडे करावयाचे, ते पाण्यात घालून पुष्कळ वेळ उकळावयाचे, पाणी आटून घट्ट झाले म्हणजे त्याच्या वड्या पाडून वाळवावयाच्या, असे हे काम असे. कातकऱ्यांची बिऱ्हाडे त्यासाठी रानातच पडत. कातकाम संपले की ती माणसे मध गोळा करीत, कंद खणीत, ओढ्यात मासे धरीत आणि सरपणाच्या मोळ्या बाजारात नेऊन विकीत. त्यांच्याजवळ शेतीची जमीन बहुधा नसे. रान हेच त्यांचे शेत, रान हेच त्यांचे कोठार आणि रान हेच त्यांचे घर होते.

केवळ कातकऱ्यांचेच नव्हे, तर खाली सपाटीवर भात पिकविणाऱ्या शेतकऱ्यांचेही रानाशी जवळचे नाते होते. उत्तर कोकणात भाताची रोपे तयार करण्याची एक जुनी पद्धत आहे. तिला राब म्हणतात. उन्हाळ्यात शेताच्या एका तुकड्यावर शेण, झाडांच्या लहान फांद्या, पालापाचोळा व गवत यांचे थर पसरतात, त्यांवर थोडी माती टाकतात आणि ते सारे भाजून काढतात. त्यामुळे तणाचे बी जळून जाते, राखेचे खत मिळते आणि जमीन भुसभुशीत होते. पहिला पाऊस पडला की त्या राखेत भाताचे बी पेरतात. रोपे वाढली म्हणजे ती उपटून चिखल केलेल्या खाचरांत लावतात. राबाला लागणारा पाला आणि फांद्या रानातून आणाव्या लागत. तेव्हा रान बंद झाले, तर राब होणार नाही; राब झाला नाही, तर रोप चांगले येणार नाही; आणि रोप आले नाही, तर घरात भात येणार नाही. डोंगरावरचा कातकरी आणि सपाटीवरचा शेतकरी असे एकाच रानाच्या आधाराने जगत होते.

इंग्रजांचे राज्य आले आणि हे नाते तुटू लागले. आगगाडीच्या रुळांखाली घालण्याचे लाकडी ओंडके, जहाजे, पूल व इमारती यांसाठी सरकारला लाकूड हवे होते. १८६५ साली सरकारने जंगलाचा पहिला कायदा केला. १८७८ साली त्याहून कडक कायदा आला, आणि १९२७ साली तो पुन्हा नव्याने मांडण्यात आला. या कायद्यांनी जंगलांचे निरनिराळे वर्ग पाडले. त्यांपैकी राखीव जंगलांत परवानगीवाचून लाकूड तोडणे, गुरे चारणे किंवा पाला नेणे हा गुन्हा ठरला. पिढ्यान्‌पिढ्या जे काम माणसे उघडपणे करीत आली, तेच काम आता चोरी ठरले. मोळी आणणाऱ्या बाईला दंड होऊ लागला. रानात चुकून शिरलेले गुरू कोंडवाड्यात जाऊ लागले.

जंगलाचे रक्षण करणे ही गोष्ट मुळात वाईट नव्हे. बेसुमार तोड झाली तर डोंगर उघडे पडतात, माती वाहून जाते आणि झरे आटतात. परंतु येथे प्रश्न निराळा होता. सरकार स्वतःच्या गरजेसाठी हजारो वृक्ष तोडीत होते, आणि रानाजवळच्या माणसाला मात्र मूठभर पाल्यासाठी शिक्षा होत होती. ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांतील लोकांनी याविरुद्ध पुष्कळ अर्ज केले. तक्रारी इतक्या वाढल्या, की त्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारला १८८५ साली एक समिती नेमावी लागली. १८८७ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. तथापि लोकांचे मूळ दुःख दूर झाले नाही. ते मनात धुमसत राहिले.

पुढे १९३० साल उजाडले. १२ मार्च रोजी महात्मा गांधी साबरमतीच्या आश्रमातून निघाले आणि ६ एप्रिल रोजी दांडीच्या समुद्रकिनारी मूठभर मीठ उचलून त्यांनी मिठाचा कायदा मोडला. त्याचा प्रतिध्वनी देशभर उमटला. महाराष्ट्रात वडाळा, विलेपार्ले, शिरोडे इत्यादी ठिकाणी मिठाचे सत्याग्रह झाले. परंतु महाराष्ट्राचा मोठा भाग समुद्रापासून दूर आहे. तेथील लोकांनी मिठाचा कायदा कसा मोडावा? त्यांच्या दारात समुद्र नव्हता, पण रान होते. आणि जंगलाचा कायदा त्यांना रोज जाचत होता. म्हणून त्यांनी जंगल सत्याग्रहाचा मार्ग स्वीकारला. विदर्भात पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातील गवत कापून कायदा मोडला. सांगलीकडे बिळाशी येथे, तसेच संगमनेर, कळवण अशा अनेक भागांत शेतकरी आणि आदिवासी हातांत विळे-कोयते घेऊन रानात शिरले. कोणावर हात उगारावयाचा नाही, पण गवत कापावयाचे, फांदी तोडावयाची आणि शिक्षा हसत सोसावयाची, असा या सत्याग्रहाचा नियम होता.

चिरनेरच्या परिसरातही हा विचार पोहोचला. तेव्हा रायगड जिल्ह्याला कुलाबा जिल्हा म्हणत. २५ सप्टेंबर १९३० रोजी आसपासच्या गावांतून माणसांचे थवे अक्कादेवीच्या टेकडीकडे निघाले. कोणी आगरी शेतकरी होते, कोणी कोळी होते, कोणी कातकरी होते. कोणाच्या खांद्यावर कुऱ्हाड होती, कोणाच्या हातात कोयता होता. ही शस्त्रे नव्हती. रोज रानात ज्यांनी काम करावयाचे, तीच ही हत्यारे होती. सरकारला या बेताची वार्ता आधीच लागली होती. मामलेदार, जंगलखात्याचे अधिकारी व सशस्त्र पोलीस चिरनेरला येऊन पोहोचले होते.

सत्याग्रही आणि पोलीस समोरासमोर आले, आणि थोड्याच वेळात गोळीबार सुरू झाला. निःशस्त्र जमावाला आसरा घेण्यास जागा नव्हती. त्या दिवसाच्या गोळीबाराने आठ जणांचा बळी घेतला. चिरनेरचे धाकू गवत्या फोफेरकर आणि नाग्या महादू कातकरी, कोप्रोलीचे रघुनाथ मोरेश्वर न्हावी, मोठ्या जुईचे रामा बामा कोळी, धाकट्या जुईचे आनंदा माया पाटील, पाणदिव्याचे परशुराम रामा पाटील, खोपट्याचे हसुराम बुधाजी आणि दिघोड्याचे आलू बेमट्या म्हात्रे, हे ते आठ हुतात्मे होत. त्या दिवसाच्या भयंकर गोंधळात सरकारी बाजूची माणसेही प्राणास मुकली. मामलेदार केशव महादेव जोशी हे त्यांपैकी एक होत. कायद्याने न्यायाची वाट सोडली, म्हणजे तो कायदा राबविणाऱ्यालाही संकटात लोटतो, हे या घटनेवरून दिसून येते.

गोळीबारानंतर गावोगावी धरपकड झाली आणि सत्याग्रहींवर खटला भरण्यात आला. मोळी विकून पोट भरणाऱ्या माणसांना न्यायालयाची भाषा कळत नव्हती आणि वकिलाची फी देण्याची ऐपतही नव्हती. अशा वेळी काही कायदेपंडित त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते.

आता पुन्हा ती आठ नावे वाचून पाहावी. ती वाचताना एक गोष्ट सहज लक्षात येते. एक नाव कातकऱ्याचे आहे, एक कोळ्याचे आहे, एक न्हाव्याचे आहे, आणि इतर नावे शेतकऱ्यांची आहेत. गावे निराळी, कामे निराळी आणि जातीजमातीही निराळ्या. त्या काळी जातीजातींतील भिंती फार उंच होत्या. गावात कातकऱ्याची वस्ती वेशीबाहेर असे आणि त्याला कोणी मानाने बोलावीत नसे. तरीही अक्कादेवीच्या टेकडीवर ही सारी माणसे एका रांगेत उभी राहिली. स्मृतिस्तंभापाशीही नाग्या कातकरी यांचे नाव इतरांच्या बरोबरीनेच घेतले जाते. ज्यांना जिवंतपणी समाजाने शेजारी बसविले नाही, त्यांना मरणाने शेजारी आणले.

अशा लढ्याची स्मारके जगात इतरत्रही आहेत. दक्षिण अमेरिकेत चिली नावाचा देश आहे. तेथील मूळ रहिवाशांना मापुचे म्हणतात. त्यांच्या भाषेत मापु म्हणजे भूमी आणि चे म्हणजे माणसे. तेव्हा मापुचे या शब्दाचा अर्थ भूमीची माणसे असा होतो. सोळाव्या शतकात स्पेनच्या सैन्याने त्यांच्या देशावर स्वारी केली, तेव्हा लाउतारो आणि काउपोलिकान या वीरांनी तिला मोठ्या शौर्याने तोंड दिले. लाउतारो लहानपणी स्पॅनिश लोकांच्या हाती सापडला होता. त्यांच्या छावणीत राहून त्याने घोड्यांविषयी सारी माहिती करून घेतली, आणि पुढे आपल्या लोकांना घोडदळाशी लढण्याची युक्ती शिकविली. तो १५५७ साली लढाईत पडला. काउपोलिकानला १५५८ साली शत्रूने ठार केले.

चिलीची राजधानी सान्तियागो येथे एका टेकडीवर काउपोलिकानचा म्हणून ओळखला जाणारा ब्राँझचा पुतळा आहे. निकानोर प्लासा या शिल्पकाराने एकोणिसाव्या शतकात तो घडविला. पुतळा देखणा आहे. परंतु त्याच्या मस्तकावर जे पिसांचे भूषण आहे, ते मापुचे लोकांचे नव्हे. ते उत्तर अमेरिकेतील आदिवासींच्या पोशाखासारखे आहे. आदिवासी म्हटला म्हणजे तो असाच दिसावयाचा, अशी शहरातील माणसांची समजूत असते. त्या समजुतीपुढे खऱ्या माणसाचा चेहरा हरवून गेला. मान देण्याच्या हेतूने उभारलेल्या स्मारकातही जर त्या माणसाची खरी ओळख नसेल, तर तो मान अपुरा राहतो.

चिरनेरच्या स्मृतीत पिसांचे भूषण नाही. तेथे नाव आहे, बापाचे नाव आहे आणि गावाचे नाव आहे. एवढ्या तीन गोष्टींनी माणूस नेमका ओळखता येतो. चिरनेरच्या रानात, कोप्रोलीच्या किंवा खोपट्याच्या वाटेवर जो खरोखर चालला, ज्याची वाट पाहणारे कोणी घरी होते, तोच माणूस त्या नावातून उभा राहतो.

महाराष्ट्रात आदिवासी वीरांची आणखीही स्मरणस्थाने आहेत. चंद्रपूर येथील तुरुंगाच्या आवारात एक पिंपळ आहे. गोंड वीर बाबुराव पुल्लेसुर शेडमाके यांनी १८५८ साली चांदा भागात इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. ते पकडले गेले, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना फाशी देण्यात आली. तो पिंपळच लोकांचे वंदनस्थान झाला आहे. सह्याद्रीच्या महादेव कोळी जमातीचे राघोजी भांगरे यांनीही इंग्रजांविरुद्ध बंड केले. त्यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. या वीरांच्या हाती शस्त्रे होती, त्यांच्यामागे सैन्य होते. नाग्या कातकरी यांच्या हाती रानातले हत्यार होते, आणि त्यांच्यामागे शेजारच्या गावांतील माणसे होती. तरीही या सर्वांचे म्हणणे एकच होते. ज्या भूमीवर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या राबलो, तिच्यावर आमचाही हक्क आहे, हे ते म्हणणे होय.

हे म्हणणे ऐकले जाण्यास फार वर्षे लागली. १९४७ साली देश स्वतंत्र झाला, परंतु १९२७ चा जंगल कायदा चालूच राहिला. अखेर २००६ साली भारताच्या संसदेने वनहक्कांचा कायदा केला. पिढ्यान्‌पिढ्या रानात राहणाऱ्या आदिवासींवर व इतर वननिवासींवर पूर्वी अन्याय झाला, हे त्या कायद्याने स्पष्ट शब्दांत मान्य केले. ते कसत असलेली जमीन आणि रानातील मध, डिंक, पाने, कंद यांसारख्या वस्तू गोळा करण्याचा त्यांचा हक्क, यांना कायद्याने मान्यता मिळाली. चिरनेरच्या गोळीबारानंतर शहात्तर वर्षांनी देशाच्या कायद्यात ही गोष्ट लिहिली गेली. पोलिसांच्या मानवंदनेचा खरा अर्थ येथे उलगडतो. त्या आठ जणांनी कायदा मोडला, हे खरे. परंतु त्यांची बाजू न्यायाची होती, हे आता राज्यानेही मान्य केले आहे.

मात्र स्तंभ उभारला आणि कायदा झाला, म्हणून सारे काम संपले असे नव्हे. कातकरी जमात आजही महाराष्ट्रातील अत्यंत दुर्बल जमातींत गणली जाते. पुष्कळ कातकरी कुटुंबांना स्वतःची जमीन नाही. पावसाळा संपला, म्हणजे ती वीटभट्टीच्या किंवा कोळसाभट्टीच्या कामासाठी घरे सोडून दूर जातात. त्यांच्याबरोबर त्यांची मुलेही जातात, आणि त्या मुलांची शाळा मध्येच सुटते. ज्यांच्या पूर्वजाला वर्षातून एक दिवस बंदुकांची मानवंदना मिळते, त्यांची मुले वर्षातील कित्येक महिने फळ्यासमोर बसू शकत नाहीत. ही विसंगती स्तंभाला हार घालून दूर होणारी नाही.

स्मारक म्हणजे दगडावर लिहिलेले एक ऋणपत्रच होय. कोणाचे किती देणे लागतो, हे ते सांगते; परंतु ते देणे फेडण्याचे काम जिवंत माणसांनाच करावे लागते. अक्कादेवीच्या टेकडीवर आजही पावसाळ्यात झाडे हिरवीगार होतात आणि खालच्या खाचरांत भात डोलतो. वीटभट्टीवरून परत आलेले कातकऱ्याचे मूल वर्गात पुन्हा येऊन बसेल आणि शेजारचे मूल सरकून त्याला आपल्या बाकावर जागा देईल, तेव्हा चिरनेरच्या ऋणाचा एक लहानसा भाग फिटला असे म्हणता येईल.